घर घ्यावे पाहून : हैदराबादच्या चारशे वर्षांची साक्ष

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी आहे. तीत घर बांधण्याचा उल्लेख आहे. विकत घेण्याचा नाही. ती रूढ झाली त्या काळी घर ही बाजारात मिळणारी वस्तू नव्हती. जागा वाडवडिलांची, दगड गावच्या खाणीचा, लाकूड शिवारातले आणि गवंडी-सुतार पिढीजात ओळखीचे. धान्याला बळद, पाण्याला आड, पाहुण्याला ढेळज, बाळंतिणीला माजघरालगतची अंधारी खोली, गुरांना गोठा, अशी घराची यादी ठरलेली असे. त्याहून महत्त्वाच्या गोष्टी तर यादीत लिहाव्याच लागत नसत. पावसाळ्यात ओढा कोठवर चढतो, जमीन मूळ कोणाची, शेजारी कसा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे.

आज आमच्या सीमाभागातून जो तो हैदराबादेत घर पाहतो आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांना मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. १९९८ च्या नोव्हेंबरात माधापूरला ‘सायबर टॉवर्स’ ही इमारत सुरू झाली, तिच्यामागोमाग संगणकाच्या कंपन्या आल्या आणि आमच्या शाळांतून बाहेर पडलेली मुले इंजिनिअर होऊन तिकडे गेली. पाच-सात वर्षे भाड्याच्या घरात काढली की मुलगा फोनवर म्हणतो, ‘बाबा, फ्लॅट घ्यावा म्हणतो.’ इकडे बापाच्या डोळ्यांपुढे विहिरीजवळचे काळे रान येते. ते विकल्याशिवाय बँकेने मागितलेली पहिली रक्कम उभी राहत नाही. तीन पिढ्यांनी राखलेली जमीन एका सहीने तीन खोल्यांत जमा व्हायची असते. एवढ्या मोलाच्या व्यवहारात आपल्याला नेमके काय हवे आहे, हा प्रश्न मात्र घाईघाईत सुटतो.

मुलांच्या याद्या मी पाहिल्या आहेत. खोल्या किती, लिफ्ट आहे काय, मोटार कोठे उभी करायची, ऑफिस किती मिनिटांवर, दार पूर्वेला की पश्चिमेला. या गोष्टी बघाव्यातच. परंतु हैदराबाद शहराचा इतिहास चाळला तर असे दिसते, की या शहराने घराविषयी जे धडे दिले ते जवळजवळ सारे भिंतींबाहेरचे आहेत. पाणी, राज्याचे छत्र, शेजार आणि कागद हे ते चार धडे होत. प्रत्येक धडा कोणत्या तरी पिढीने मोठी किंमत देऊन घेतला आहे. आपण तो फुकटात वाचू शकतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

पाण्यापायी सोडलेला किल्ला

हैदराबादचा जन्मच मुळी घर बदलण्याच्या निर्णयातून झाला. भागमतीची प्रेमकथा लोकांना अधिक आवडते. पण शहर वसण्याचे कारण साधे व्यवहारी होते. गोवळकोंड्याचा किल्ला अभेद्य खरा. पुढे १६८७ मध्ये औरंगजेबासारख्या बादशहालाही त्याच्यापुढे महिनोन्‌महिने तळ ठोकून बसावे लागले आणि शेवटी फितुरीनेच दरवाजा उघडला. पण कुतुबशाहीचे वैभव वाढले तशी तटाच्या आत माणसांची दाटी झाली. दुर्गम चेरुवूचे पाणी किल्ल्याकडे आणले होते, तरी ते वाढत्या वस्तीला पुरेना आणि हवाही बिघडली.

इब्राहिम कुतुबशहाच्या कारकिर्दीत, १५६२ च्या सुमारास, हुसेनसागर बांधला गेला. १५७८ मध्ये त्यानेच मुसी नदीवर पूल घातला. आज त्याला पुराना पूल म्हणतात. पूल झाल्यामुळे पलीकडची मोकळी जमीन हाताशी आली. त्याचा मुलगा मुहम्मद कुली याने १५९१ मध्ये, म्हणजे हिजरी सन १००० मध्ये, त्या जमिनीवर नवे नगर वसवले. मध्यभागी चारमिनार, तेथून चार दिशांना चार रस्ते, आणि वस्तीत पाणी व बागा. आखणीत पेशवा मीर मोमिन याचा मोठा हात होता. ज्या राजाच्या ताब्यात दक्षिणेतला एक बळकट किल्ला होता, त्यानेही राहण्यासाठी पाणी आणि मोकळी हवा पाहून जागा निवडली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भिंत कितीही जाड असली तरी घागर रिकामी असेल तर माणूस तेथे राहत नाही.

१९०८ चा महापूर

पाण्याचे दुसरे रूप हैदराबादने २८ सप्टेंबर १९०८ रोजी पाहिले. मुसीच्या वरच्या खोऱ्यात अतोनात पाऊस झाला आणि नदीने दोन्ही तीर सोडले. अफझलगंज, घांसी बाजार, कोळसावाडी या दाट वस्त्या वाहून गेल्या. अफझल पूल, मुसल्लमजंग पूल व चादरघाट पूल उद्ध्वस्त झाले. तीनशे तीस वर्षांचा पुराना पूल तेवढा तग धरून राहिला. मृतांची संख्या सुमारे १५ हजार असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून बसल्यामुळे सुमारे दीडशे माणसे वाचली, अशी नोंद आहे. ते झाड अजून उस्मानिया दवाखान्याच्या आवारात उभे आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी बेघरांसाठी आपल्या वाड्यांचे दरवाजे उघडले, ही गोष्ट जुने हैदराबादी आजही आदराने सांगतात.

पुरानंतर सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे ते हेच विश्वेश्वरय्या. १९०९ मध्ये त्यांनी पुराची कारणमीमांसा केली. मुसीच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. त्यांपैकी २२१ तलाव फुटले होते. एक वरचा तलाव फुटला की त्याचा लोंढा खालच्या तलावावर, त्याचा त्याच्या खालच्यावर, अशी ती माळ सुटत आली आणि शहरावर कोसळली. तलाव हे पाणी साठवण्याचे साधन, परंतु ते एकमेकांना नाल्यांनी जोडलेले असतात आणि त्या साखळीच्या वाटेत जो घर बांधतो त्याने पुराला निमंत्रण दिलेले असते, हे तेव्हा आकड्यांनिशी सिद्ध झाले.

विश्वेश्वरय्यांच्या सूचनेप्रमाणे शहराच्या वरच्या अंगाला दोन मोठे जलाशय झाले. मुसीवर १९२० मध्ये उस्मानसागर, ज्याला लोक गंडीपेठ म्हणतात, आणि ईसी नदीवर १९२७ मध्ये हिमायतसागर. पूर अडवायचा आणि प्यायचे पाणीही साठवायचे, असे दुहेरी काम या जलाशयांकडे आले. १९१२ मध्ये शहर सुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी शहरात प्लेग शिरला होता. मंडळाने गलिच्छ वस्त्या मोकळ्या केल्या, रस्ते रुंद केले, पथ्थरगट्टीची दगडी बाजारपेठ उभी केली आणि कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी हवेशीर घरे बांधली.

येथे एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. पुराने धुऊन नेलेल्या नदीकाठावर पुन्हा दाट घरे उठू दिली गेली नाहीत. तेथे हायकोर्ट, सिटी कॉलेज, उस्मानिया दवाखाना आणि पुढे आसफिया ग्रंथालय अशा सार्वजनिक इमारती व बागा झाल्या. ज्या जागेने एकदा माणसे गिळली तेथे माणसे झोपायला ठेवायची नाहीत, असा तो शहाणपणा होता. पुढच्या पिढ्यांनी तो विसरून १९९४ मध्ये नदीच्या पात्रातच इमलीबनचे मोठे बसस्थानक उभे केले. नांदेड-देगलूरकडून एस.टी.ने जाणाऱ्यांना ते चांगले परिचयाचे आहे. २०२५ च्या सप्टेंबरात, २६ तारखेच्या रात्री, धरणांतून सोडलेले पाणी त्या बसस्थानकात शिरले आणि प्रवाशांना बाहेर काढावे लागले. १९०८ च्या पुराला दोन दिवसांनी ११७ वर्षे पूर्ण होत होती. नदीला पंचांग लागत नाही. तिला आपली वाट आठवते.

छत्र कोणाचे?

आता आपल्या मराठी मंडळींकडे वळू. हैदराबादेत मराठी माणूस आज-काल गेलेला नाही. निजामाच्या दफ्तरात राय रायाँ हे मराठी घराणे फार जुने. त्यांच्यासारख्या मानकऱ्यांचे राहणे जुन्या शहरातील देवडीत असे. देवडी म्हणजे उंच कमान, पहारा, आत चौकामागून चौक, बाग, कारंजे. आपल्या माळवदाच्या वाड्याचाच तो थोरला भाऊ. अशा घराची निवड दरबाराच्या जवळिकीवर होई. सरकारस्वारीचे बोलावणे आले की घटकाभरात हजर होता आले पाहिजे, ही मुख्य गरज.

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र वकील, शिक्षक, डॉक्टर आणि कारकून यांचा नवा वर्ग परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबादेकडून हैदराबादेत गेला. त्याने नदीच्या उत्तरेला घर शोधले. सुलतान बाजार, बडी चावडी, इसामिया बाजार, काचीगुडा, पुढे नारायणगुडा, बरकतपुरा, नल्लकुंटा. ही निवड योगायोगाने झाली नाही. कोठीला १८०६ च्या सुमारास ब्रिटिश रेसिडेंटचा प्रासाद पूर्ण झाला होता आणि त्याभोवतीचा बाजार रेसिडेंटच्या अखत्यारीत होता. १९३३ मध्ये तो निजाम सरकारकडे परत आला, तोवर तेथे निजामी पोलिसांचा हात सैल असे. इंग्रज काही मुक्तिदाते नव्हते. परंतु राज्यात सभा-संमेलनाला परवानगी लागत असताना या पट्ट्यात वाचनालय काढणे, व्याख्यान ठेवणे, बाहेरचे वर्तमानपत्र मागवणे त्यातल्या त्यात सोपे होते. १९०१ मध्ये तेलुगू बांधवांनी श्रीकृष्णदेवराय ग्रंथालय तेथेच काढले. आर्य समाजाचे केंद्रही सुलतान बाजारातच होते.

वसमतजवळच्या पुरजळचे केशवराव कोरटकर हे गुलबर्ग्याहून हैदराबादेत आलेले नामांकित वकील व पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती. वामनराव नाईक आदी सहकाऱ्यांसह त्यांनी १९०७ च्या सुमारास विवेकवर्धिनी शाळा सुरू केली. निजामी राज्यात मातृभाषेतून शिकायचे तर अशा खाजगी शाळेचाच आधार. मग मराठी घराची पहिली गरज ठरली, मुलाला पायी विवेकवर्धिनीला जाता आले पाहिजे. दुसरी गरज रेल्वेची. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत येणारी मीटरगेज गाडी काचीगुड्याला पोहोचे. तेथील देखणे स्टेशन १९१६ चे. गावाकडून धान्याची पोती, लोणच्याच्या बरण्या, शिकायला येणारा पुतण्या आणि दवाखान्यासाठी आणलेली म्हातारी, हे सारे त्या गाडीने येई. काचीगुड्याजवळ घर म्हणजे गावाला दोरी बांधलेले घर.

या घरांत खोल्या थोड्या आणि माणसे फार. आमच्या मराठवाड्याच्या दोन पिढ्या त्यांच्या आश्रयाने शिकल्या. नरहर कुरुंदकर हे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहून सिटी कॉलेजात शिकले, हे अनेकांना ठाऊक आहे. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. त्यांच्यासारख्यांच्या घरात पुस्तके आणि भाचे-पुतणे यांना जागा असे, मग भले यजमान ओसरीवर झोपो. १९३१ मध्ये श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले ते या वस्तीच्या बळावर. पुढे तेथील मराठी साहित्य परिषदेने ‘पंचधारा’ हे त्रैमासिक चालवले. शाळा, ग्रंथालय, स्टेशन आणि आपल्या माणसांचा गणेशोत्सव पायी फिरण्याच्या टप्प्यात, हा त्या घरांचा खरा ऐवज होता. खरेदीखतात तो लिहिलेला नव्हता.

शेजार

शेजाराची गोष्ट मात्र गोडच आहे असे नाही, आणि तीही सांगितली पाहिजे. १९२१ च्या नोव्हेंबरात विवेकवर्धिनीत सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्ष महर्षी कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठीतून भाषणे झाली. अलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूतून बोलू लागले तेव्हा श्रोत्यांतील काहींनी गलका करून त्यांना बोलू दिले नाही. त्या अपमानातून त्याच सुमारास आंध्र जन संघ उभा राहिला आणि तेलंगणातील जागृतीची मोठी चळवळ त्यातून वाढली. ज्या प्रदेशात आपण घर केले त्याच प्रदेशाची भाषा आपल्या सभेत परकी ठरावी, हे आपल्या मंडळींना शोभले नाही. मराठीची गळचेपी सोसणाऱ्यांनी तरी तसे करायला नको होते. आजही माधापूरच्या इमारतीत दहा वर्षे राहून तेलुगूचे दहा शब्द न शिकणारी आपली मुले मी पाहतो तेव्हा तो प्रसंग आठवतो.

१९४७-४८ मध्ये शेजाराची कसोटी अधिक कठोर झाली. रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांना घरदार टाकून सरहद्दीबाहेरच्या छावण्यांत जावे लागले. सप्टेंबर १९४८ मध्ये १३ ते १७ तारखेदरम्यान पोलीस कारवाई होऊन निजामी राजवट संपली. त्यानंतर गावोगाव सूड उगवला गेला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानी झाल्याचे नमूद केले. या भागातील अनेक मुसलमान कुटुंबे आपली घरे सोडून हैदराबादच्या जुन्या शहरात आपल्या माणसांच्या सावलीला गेली. दोन्ही बाजूंच्या निर्वासितांनी घर निवडताना खोल्या मोजल्या नाहीत. रात्री दार ठोठावले गेले तर शेजारचे दार उघडेल काय, एवढेच पाहिले. भीतीपोटी निवडलेला शेजार समजण्यासारखा आहे. पण ज्या शहरात केवळ आपल्यासारख्यांच्याच गल्ल्या उरतात ते शहर हळूहळू लहान होत जाते.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. सतरा जिल्ह्यांच्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली. नऊ तेलंगणाचे, तीन कर्नाटकाचे, पाच आमचे मराठवाड्याचे. कालपर्यंतची राजधानी एका दिवसात परराज्यात गेली आणि आमचे सचिवालय मुंबईला गेले. हैदराबादेतील मराठी नोकरदारांपुढे पेच पडला. बदली घेऊन मुंबई-औरंगाबाद गाठावे, की काचीगुड्याचे घर धरून राहावे? पुष्कळ गेले. जे राहिले त्यांची शाळा, ग्रंथालय आणि परिषद टिकली, पण मुलांची संख्या रोडावत गेली. सांगायचे ते असे, की घर जागच्या जागी राहते आणि त्याच्यावरचे राज्य बदलते. २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले तेव्हा हाच अनुभव निराळ्या रूपाने आंध्राकडच्या लोकांना आला.

कागद

चौथा धडा कागदाचा. या बाबतीत आम्हा सीमाभागातल्यांना एक वारसा मिळाला आहे, पण त्याची जाणीव आम्हांला नाही. हैदराबादच्या जमिनीचे जुने दफ्तर आणि आमच्या शेतीचे जुने दफ्तर हे एकाच सरकारने लिहिलेले. सेतवार, खासरा, इनाम, जहागीर, मददमाश, सर्फेखास, वक्फ, शिखम, हे शब्द पुण्याच्या माणसाला कोड्यात टाकतील. आमच्याकडच्या जुन्या शेतकऱ्याला ते आजोबांच्या बोलण्यातून ओळखीचे. सर्फेखास म्हणजे निजामाची खाजगी मालमत्ता. जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या, सर्फेखास सरकारजमा झाली, तरी कोणत्या तुकड्याचे पुढे काय झाले यावर शहराभोवती दावे चालूच राहिले. आमच्याकडे १९५४-५५ च्या सुमाराचे खासरा पत्रक जसे जमिनीच्या वादात मूळ पुरावा म्हणून काढतात, तशीच तेलंगणात १९५४-५५ ची खासरा पहाणी काढतात. आज फ्लॅट ज्या सर्व्हे नंबरावर उभा आहे तो नंबर त्या पहाणीत काय म्हणून नोंदला आहे, हे पाहणे म्हणजे घराची जन्मपत्रिका पाहणे.

अनेकांची समजूत असते, की रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी पक्की. आपल्या देशात नोंदणी होते ती दस्ताची. विकणाराच खरा मालक आहे, याची हमी त्या शिक्क्यात नसते. बांधकामाची परवानगी, बँकेचे कर्ज, रेराची नोंदणी हे उपयोगी आधार आहेत. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने बिल्डरवर बरीच बंधने आली, हेही खरे. तरी जमिनीचा पूर्वेतिहास खरेदीदारालाच वाचावा लागतो.

त्यातला ‘शिखम’ हा शब्द आज सर्वांत महाग झाला आहे. शिखम म्हणजे तलावाच्या पोटातली, पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन. हैदराबाद झपाट्याने पसरले तेव्हा या जमिनी स्वस्तात विकल्या गेल्या आणि त्यांवर वसाहती उठल्या. उस्मानसागर-हिमायतसागर वाचवण्यासाठी १९९६ मध्ये १११ क्रमांकाचा शासनादेश निघाला; त्याने दोन्ही जलाशयांभोवती १० किलोमीटरच्या पट्ट्यातील ८४ गावांत बांधकामावर निर्बंध घातले. २०२२ मध्ये ते निर्बंध उठवणारा दुसरा आदेश निघाला. २४ ऑगस्ट २००० रोजी शहर पाण्याखाली गेले, तेव्हा नाल्यांवरील अतिक्रमणांची चर्चा झाली. १३ ऑक्टोबर २०२० रोजी घटकेसरकडे एका दिवसात तीस सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडला. पल्ले चेरुवू आणि पाठोपाठ गुर्रम चेरुवू यांचे बांध फुटले, आणि टोलीचौकीच्या नदीम कॉलनीत कित्येक दिवस पाणी साचून राहिले. विश्वेश्वरय्यांनी १९०९ मध्ये सांगितलेली तलावांची माळ १११ वर्षांनी पुन्हा सुटली.

जुलै २०२४ मध्ये तेलंगण सरकारने ‘हायड्रा’ ही यंत्रणा स्थापन केली आणि तलावांच्या हद्दीतील बांधकामे पाडायला सुरुवात झाली. तलाव काठोकाठ भरला असता पाणी जेथवर पोहोचते ती पूर्ण संचय पातळी. तिच्या आत बांधकाम नाही, आणि तिच्या बाहेरही मोठ्या तलावाला ३० मीटर व १० हेक्टरांहून लहान तलावाला ९ मीटर जागा मोकळी सोडायची, असा नियम आहे. ज्या दुर्गम चेरुवूचे पाणी एकेकाळी गोवळकोंड्याला जात होते त्याच्या काठच्या दोनशेवर घरांनाही नोटिसा लागल्या. कारवाईच्या घिसाडघाईवर हायकोर्टाने ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते. कारण परवानगी देणारा अधिकारी व विकून मोकळा झालेला बिल्डर सहीसलामत राहतो आणि हप्ते भरणारा रस्त्यावर येतो. पण दोष कोणाचाही असो, पाडलेल्या घराचा हप्ता थांबत नाही. म्हणून शोध आधी घ्यावा.

शोध कसा घ्यावा?

पहिले साधन जागेचे नाव. चेरुवू म्हणजे तलाव, कुंटा म्हणजे तळे, वागू म्हणजे ओढा. नल्लकुंटा म्हणजे काळे तळे. मासब टँक हे नाव तर उघडच आहे. तलाव गेला, नाव राहिले. अशा नावाच्या वस्तीत घर घेऊच नये असे नाही, कारण आमची किती तरी मराठी कुटुंबे नल्लकुंट्यात सुखाने नांदली. पण तळे नेमके कोठे होते, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. अंबरपेठेतील बतुकम्मा कुंटा हे तळे मातीखाली पुरून गेले होते. २०२५ मध्ये तेथे खोदकाम सुरू झाले आणि थोड्याच खोलीवर पाणी लागले. आता तेथे पुन्हा तळे आहे.

दुसरे साधन पावसाळा. घर पाहायला बिल्डर दिवाळीनंतर बोलावतो. आपण भाद्रपदातल्या मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी जावे. तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ पाहावी. शेजारच्या किराणा दुकानदाराला, धोब्याला, रिक्षावाल्याला विचारावे, आणि तेलुगूत विचारावे. उन्हाळ्यात टँकर किती येतात हेही त्यालाच ठाऊक असते. तिसरे साधन तलावांचे नकाशे. ते आता सरकारी कार्यालयांतून पाहता येतात. चौथे साधन त्या दफ्तराची भाषा जाणणारा वकील; बिल्डरने सुचवलेला नव्हे, आपण शोधलेला.

आणि सर्वांत आधी, घरातल्या सर्वांनी एकत्र बसून गरजांचा क्रम लावावा. प्रत्येकाची गरज निराळी असते. सुनेला नोकरीवरून अंधार पडण्यापूर्वी घरी येता आले पाहिजे. नातवाला शाळा हवी, आणि जमल्यास आठवड्यातून एकदा मराठी कानी पडेल अशी जागा हवी. गावाकडून येणाऱ्या आजीला बोलायला कोणी हवे. तेविसाव्या मजल्यावर ढेळज नसते. पूर्वेचे दार, संगमरवर आणि पोहण्याचा तलाव यांचा क्रम त्यानंतर लागतो. पाणी, जमिनीचा कागद आणि शेजार मात्र मागाहून दुरुस्त करून घेता येत नाहीत. फरशी बदलता येते, नाल्याचा उतार बदलता येत नाही.

मुलगा हुशार आहे, हप्त्यांचा हिशेब तो चोख करील. खासरा पहाणीतील ‘शिखम’ हा शब्द मात्र त्याला कोणी शिकवलेला नाही. तो शब्द ज्यांना वाचता येतो ती पिढी आमच्या गावांतून ओट्यावर बसून आहे. रान विकायला निघालेल्या बापाने व्यवहारापूर्वी एक दिवस काढून काचीगुड्याची गाडी धरावी, आणि पैशांबरोबर आपले एवढे ज्ञानही मुलाच्या पदरात घालून यावे.